मुलांना कृषी विद्यापीठ दाखवा
(संघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



सुट्टीत मुलांना देवस्थाने व गडकिल्ले दाखविण्याची चाल आपल्यांत आहे, आणि ती स्तुत्यच आहे. तीत आणखी एका स्थळाची भर घालावी, अशी सूचना आज आम्ही करणार आहो. ते स्थळ म्हणजे नगर-मनमाड रस्त्यावरील राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ.

दारात शिरताच मुलांना प्रथम नावाचा अर्थ सांगावा. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन करून ते थांबले नाहीत. बंधारे घालून माती व पाणी अडवावे, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीची विद्या द्यावी, असे उपायही त्यांनी सुचविले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याचे शेतकी महाविद्यालय उभे राहिले. परंतु राज्यातील पहिले कृषी विद्यापीठ स्थापन होण्यास १९६८ साल उजाडले. त्यानंतर १९६९ मध्ये अकोल्यास, आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली येथे अशीच विद्यापीठे निघाली.

राहुरीचा हा विस्तीर्ण परिसर आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन झाला आहे. हेही मुलांना सांगावे. कारण ज्यांच्या वावरांवर ही विद्या पिकते, त्यांचे ऋण विसरून चालणार नाही.

मग शिवारात हिंडावे. गीर, होल्स्टीन व जर्सी ह्या तिन्हींच्या संकरातून झालेली 'फुले त्रिवेणी' गाय दाखवावी. बाजारात दिसणारे 'भगवा' डाळिंब ह्याच विद्यापीठाची देणगी आहे, हे सांगावे. पौषात, हुरड्याच्या दिवसांत गेल्यास रब्बीची ज्वारी कणसावर असते. भारी जमिनीस 'फुले वसुधा', मध्यम जमिनीस 'फुले सुचित्रा' आणि हलक्या जमिनीस 'फुले अनुराधा' असे निरनिराळे वाण येथील शास्त्रज्ञांनी काढले आहेत. हलकी जमीन निरुपयोगी म्हणून टाकून न देता तिला साजेसे बियाणे वर्षानुवर्षे शोधणे, ही केवढी तपश्चर्या!

हे सांगण्याचे कारण एकच. आपली पुष्कळ कुटुंबे शहरांत स्थिरावली. "अभ्यास केला नाहीस तर नांगर धरावा लागेल," हा धाक आम्ही शिक्षकी पेशात असताना कितीतरी पालकांच्या तोंडून ऐकला. ह्या एका वाक्याने मूल दोन गोष्टी शिकते : शेती ही शिक्षा आहे, आणि गावी राबणारा चुलता अडाणी आहे. जोतीरावांचे म्हणणे नेमके ह्याच्या उलट होते. नांगर धरणाऱ्यालाच विद्येची गरज सर्वांत अधिक, हे त्यांनी ओळखले होते.

तरी संघाने विद्यापीठाची आगाऊ परवानगी घेऊन दरवर्षी एक सहल काढावी, आणि तीत शहरातील व गावाकडील मुले एकत्र न्यावी. ज्वारीच्या ताटापाशी गावचा मुलगा शहरच्या भावंडांचा गुरू होईल. तो मान त्यास एकदा लाभू द्या, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.