घरातील संगणकजाळे आणि दूरध्वनी
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय वरकरणी यंत्राचा दिसेल. परंतु वस्तुतः तो गृहस्थाश्रमाचा आहे. आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांत आज वृद्ध आईवडीलच काय ते मागे राहिले आहेत. मुले पुण्यामुंबईस, नाहीतर सातासमुद्रांपलीकडे नोकरीस. अशा घरात दूरध्वनी ही चैन नसून आधाराची काठी होय. ती ऐन वेळी मोडू नये, एवढ्याकरिता हा प्रपंच.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ साली दूरध्वनीची केंद्रे उघडली. तेव्हापासून शंभरावर वर्षे आवाज तांब्याच्या तारेतून धावला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. २००२ साली सरकारने त्यावरून संभाषणास काही मर्यादा घालून मुभा दिली. आणि २०१८ पासून इंटरनेटमार्गे कोणत्याही दूरध्वनीशी बोलण्याची सेवा परवानाधारक कंपन्यांस देता येऊ लागली. आता अनेक ठिकाणी तांब्याची तार जाऊन काचेचा तंतू, म्हणजे फायबर, घरात आला आहे.

या नव्या व्यवस्थेत आवाज जातो कसा? आपले बोलणे एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या तुकड्यांत कापले जाते, प्रत्येक तुकडा अंकांत मांडला जातो व त्यावर पत्ता घालून तो टपालासारखा रवाना होतो. पलीकडचे यंत्र ते तुकडे क्रमाने जुळवून पुन्हा आवाज करते. यास वेग फार लागत नाही. पत्त्यासुद्धा सेकंदास लाखभर अंक पुरतात, आणि आजची साधी जोडणीही याच्या कित्येक पट वाहून नेते. लागते ती नियमितता. एका बाजूने निघालेला शब्द दुसऱ्या बाजूस पोहोचण्यास सेकंदाच्या सातव्या हिश्श्याहून अधिक काळ लागू लागला, की बोलणारे एकमेकांच्या वाक्यांत पाय घालू लागतात.

खडूफळ्याच्या जुन्या सवयीप्रमाणे आता जोडणी क्रमवार सांगतो. फायबर ज्या पेटीत येते, तीच बहुधा राउटरचेही काम करते. ती पेटी कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे ठेवू नये; घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावी. वाय-फायच्या दोन लहरी असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर जाड भिंतीपलीकडे जास्त पोहोचते; ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीस लवकर हार जाणारी. दगडी भिंतींच्या जुन्या घरात म्हणूनच माजघरापर्यंत एक वायर ओढून घेणे बरे. अशी वायर १०० मीटरपर्यंत चालते. जागचे न हलणारे संगणक व दूरदर्शन संच वायरीनेच जोडावेत, म्हणजे वाय-फायची वाट मोकळी राहते. त्याच पेटीच्या मागे दूरध्वनीची वायर बसण्याची जागा असते. सेवा चालू करून घेतली, की तेथे घरातील जुने यंत्रही बहुधा चालते. वृद्धांच्या हातास ओळखीचे यंत्र मुद्दाम टाकून देऊ नये.

आता मुख्य मुद्दा. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर सुमारे ४८ व्होल्टची वीजही केंद्रातून येत असे. म्हणून घरात अंधार झाला तरी दूरध्वनी जिवंत असे. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरची वीज गेली की पेटी विझते, आणि पेटी विझली की दूरध्वनीही मुका होतो. मध्यरात्री वीज गेली असताना कोणी अंधारात पाय घसरून पडले, तर हाक मारावी कोणाला? हा प्रश्न प्रत्येक घराने आजच स्वतःस विचारावा.

उपाय महाग नाही. पेटीपुरती लहान बॅटरी बाजारात मिळते. ती काही तास निभावून नेते. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यांनी पेटीचा प्लग त्याच्याच जोडणीवर आहे ना, हे पाहावे. पुष्कळ घरांत दिवे व पंखे तेवढे त्यावर असतात. बिनतारी दूरध्वनीची बैठकही विजेवर चालते. सबब वायरीचे साधे यंत्र अधिक भरवशाचे. इतके करून एकदा मुख्य कळ बंद करावी आणि मुलाला फोन लावून पाहावा. शिवाय एक भ्रमणध्वनी चार्ज करून उशाशी असावा. संकटाचा क्रमांक ११२ व्हॉट्सॲपवरून लागत नाही, हेही घरच्यांस सांगून ठेवावे.

घरास जाळे आले म्हणजे दारास कुलूपही हवे. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा आणि नवा वहीत लिहून ठेवावा. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करता येते, ते करावे. पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओवरून ‘डिजिटल अटक’ सांगणारे भामटे वृद्धांसच गाठतात. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. निःशंकपणे फोन ठेवावा. पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० क्रमांकावर कळवावे.

शेवटी मंडळाच्या तरुणांस एक विनंती. दिवाळीत गावी याल, तेव्हा फराळाच्या निमित्ताने ज्ञातीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जा. पेटी कोठे आहे, बॅटरी आहे की नाही, हे पाहा. यंत्राशेजारी ठळक अक्षरांत चार क्रमांक लिहून द्या. तासाभराचे हे काम आहे. पूर्वी शेजारधर्म भिंतीवरून हाक मारून चालत असे. आज तो या वायरींतून चालवावा लागेल, एवढाच फरक.