कर्ज झालं म्हणून वावर लिहून देऊ नका
(गावबैठकीत केलेलं भाषण)



माझ्या बापानं बहिणीच्या लग्नाला सावकाराकडून पैसे घेतले. सोयाबीन पावसात गेलं, व्याज चढलं. एका रात्री बाप म्हणला, "बाँडवर अंगठा देतो अन् मोकळा होतो." मायनं कागद ओढून घेतला, म्हणून आज वावर आमचं आहे.

कुणी म्हणतं, कोर्टातून दिवाळखोर जाहीर व्हा. तसा १९२० चा कायदा आहे. पण वकील लागतो, तारखा लागतात, सगळी मालमत्ता कोर्टापुढं मांडावी लागते. तो शेवटचा रस्ता. त्याआधी तीन गोष्टी बघा.

एक, सावकाराकडं परवाना आहे का? २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणं बिनपरवाना सावकाराला कोर्ट वसुलीचा हुकूम देत नाही. परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही.

दोन, आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. वनहक्काची जमीन तर विकताच येत नाही.

तीन, सावकारीत जमीन गेली असेल अन् व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल, तर हिंगोलीला सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करा. चौकशी होऊन जमीन परत मिळू शकते.

बँकेचं कर्ज वेगळं. तिथं खात्याचा उतारा मागा, हप्ते पाडून मागा.

कर्ज होणं हा गुन्हा नाही. लाजेपायी लपवू नका. रात्री एकट्यानं अंगठा देऊ नका. कागद आधी चार माणसांत वाचून घ्या.

जोहार!