खऱ्या समुद्राशेजारी कृत्रिम लाटा?

कोल्हापूरहून घाट उतरून आपण ज्या मालवणला जातो, त्याच तालुक्यात तोंडवळी-वायंगणी इथं ‘सी-वर्ल्ड’ हा समुद्राच्या कल्पनेवरचा भव्य पार्क उभारण्याचा सरकारी प्रस्ताव होता. जमिनी जातील म्हणून गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि प्रकल्प रखडला. मला त्याहून मूलभूत प्रश्न दिसतो: खऱ्या समुद्राला खेटून कृत्रिम समुद्र कशासाठी? जपानमध्ये मियाझाकीच्या किनाऱ्यालगत १९९३ साली ‘ओशन डोम’ हा छताखालचा समुद्र उभा राहिला; २००७ साली तो बंद पडला. आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मुखवटा लावून पाण्यात तोंड घातलं, की काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे खडकांच्या फटींतून थेट काचेपाशी येतात. शिवाय नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ पाण्याखालचं संग्रहालय म्हणून वापरण्याची योजना आहे.

यावर कुणी म्हणेल, लहान मुलांनी, आजी-आजोबांनी बुडी कशी मारायची? रोजगाराचं काय? आक्षेप रास्त आहे. पण त्याला उत्तम मत्स्यालय आणि काचेच्या तळाच्या होड्या पुरतील, आणि होड्या चालवणारे हात गावातलेच असतील. लाटांचा तलाव हवाच, तर तो कोल्हापूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरात शोभतो. अशा तलावात भिंतीमागच्या कप्प्यांत पंखे हवा दाबतात, पाणी खाली ढकललं जातं आणि लाट उठते. तेच पाणी गाळून पुन्हा वापरता येतं; उन्हाळ्यात वाफ होऊन उडतं तेवढं मात्र रोज भरावं लागतं.