दुसरे पुस्तक



बडोद्यात ग्रंथालयाविषयी बोलायचे म्हणजे श्रीमंत सयाजीराव महाराजांचे स्मरण प्रथम करावे लागते. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. पेट्यांतून फिरती पुस्तके खेड्यापाड्यांत पोहोचली. त्या थोर इतिहासावर अधिकारी व्यक्ती बोलतीलच. मी मात्र या वास्तूतील एक लहानसा प्रसंग सांगणार आहे.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वर्गणी वडिलांच्या नावाची, वाचणारी आई आणि पुस्तकांची ने-आण करणारा मी. दुपारची आवराआवर झाली की आई ओसरीवर बसून मोठ्याने वाचीत असे. आजीची दृष्टी गेली होती. शेजारच्या दोघी-तिघी तांदूळ निवडत ऐकायला येत.

एका पावसाळ्यात मी वाटेतल्या पाण्यात पडलो आणि पुस्तक चिंब भिजले. आईने ते शेगडीच्या उबेला वाळवले, पण पाने फुगली ती फुगलीच. महिनाअखेर होती. आईने डाळीच्या डब्यातून पैसे काढले, मोजले आणि माझ्या मुठीत ठेवून म्हणाली, "खोटं बोलू नकोस. पडलो म्हणून सांग."

ग्रंथपालकाकांनी पुस्तक उलटसुलट पाहिले. किंमत घेतली, रीतसर पावती फाडली. "राहू दे" असे ते म्हणाले नाहीत. त्यात त्यांनी आईचा मान राखला, असे आज वाटते. मी परत फिरलो तोच त्यांनी हाक मारली, "अरे, दुसरं पुस्तक नाही का न्यायचं? उद्या दुपारी आई वाचणार काय?" आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी पुस्तक माझ्या हाती दिले.

पुढे मी हे सारे विसरलो. अध्यापक झालो, घरी पुस्तकांची कपाटे झाली. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने माझा संदर्भग्रंथ पाने निखळलेल्या अवस्थेत परत आणला. तो ओशाळून क्षमा मागत होता. मी म्हणालो, "यापुढे माझ्याकडे पुस्तक मागू नकोस." रात्री जेवताना हे मी काहीशा फुशारकीनेच सांगितले. पंच्याहत्तरी ओलांडलेली आई ताटावरून मान वर न करता म्हणाली, "तुला दुसरं पुस्तक मिळालं होतं."

घास घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी त्या मुलाला थांबवले आणि त्याच ग्रंथाचा दुसरा खंड पुढे केला. तो घेण्यापूर्वी त्याने दोन्ही हात सदऱ्याला पुसले.

मित्रहो, पहिले पुस्तक नियमाने मिळते. दुसरे मिळायला देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा लागतो. या ग्रंथालयाने शंभर वर्षांत दिलेल्या पुस्तकांची नोंद त्याच्या वह्यांत असेल. त्या दुसऱ्या पुस्तकांची नोंद मात्र आमच्यासारख्यांच्या घरी आहे. ती आज आपल्यासमोर वाचून दाखवली, इतकेच.