आश्रयाचा अर्ज आणि अर्जदाराचे कर्तव्य
(व्याख्यानाचा मजकूर)



आपल्याच देशात ज्याला जीव मुठीत धरून राहावे लागते त्याने परक्या देशाकडे आश्रय कसा मागावा, आणि मागितल्यानंतर निकाल लागेपर्यंत कसे वागावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे हा विषय कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, जगातील आश्रयार्थींमध्ये धर्म बदलल्यामुळे छळ झालेली माणसेही असतात. धर्म बदलणाऱ्याला कोणती किंमत द्यावी लागते हे तुम्हांस दुसऱ्याने सांगण्याची गरज नाही. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपली मुले-मुली आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जाऊ लागली आहेत, आणि त्याच वाटेवर असे एजंट बसले आहेत की, जे घरची जमीन विकावयास लावतात व तरुणास सांगतात, "तिकडे पोहोचलास की आश्रयाचा अर्ज टाक, पुढचे आम्ही पाहून घेऊ." ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरच्या विमानतळावर आणून सोडले. प्रवासात त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. त्यांच्यापैकी कित्येकांनी एजंटांना लाखो रुपये मोजले होते. महाराष्ट्रातील माणसेही त्या विमानात होती. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे.

प्रथम आश्रय म्हणजे काय ते पाहू. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. छळापासून सुटका मिळविण्यासाठी दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे, असे त्याच्या १४ व्या कलमात म्हटले आहे. पुढे २८ जुलै १९५१ रोजी जिनीव्हा येथे निर्वासितांविषयीचा करार झाला, आणि १९६७ च्या पूरक कराराने त्याची व्याप्ती वाढविली. या कराराप्रमाणे निर्वासित कोण? ज्याला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सभासदत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणावरून छळ होईल अशी साधार भीती आहे, आणि त्या भीतीमुळे जो आपल्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नाही, तो. अशा माणसाला, जेथे त्याच्या जीवाला वा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे परत ढकलू नये, हा या कराराचा गाभा होय.

या व्याख्येतील शब्द नीट ध्यानात धरा. गरिबी, बेकारी, नापिकी ही दुःखे खरी आहेत. परंतु केवळ तेवढ्यावरून आश्रय मिळत नाही. छळ सरकारने केलेला असावा लागतो, किंवा ज्याला आवरण्याची सरकारची इच्छा वा ताकद नाही अशा लोकांनी केलेला असावा लागतो. आणखी असे की, माणूस आपल्याच देशाच्या दुसऱ्या भागात जाऊन सुखरूप राहू शकत असेल, व त्याने तसे राहावे ही अपेक्षा वाजवी असेल, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. भारतासारख्या विस्तीर्ण देशातून गेलेल्या अर्जदाराला हा प्रश्न हटकून विचारला जातो. "गावात छळ झाला, तर मुंबईला किंवा नागपूरला का गेला नाहीस?" या प्रश्नाला ज्याच्यापाशी खरे उत्तर नाही त्याने एजंटाच्या भरवशावर घरदार विकू नये.

धर्माच्या कारणाविषयी दोन शब्द अधिक सांगतो. पाकिस्तानातील अहमदिया पंथाच्या दोघांनी जर्मनीत आश्रय मागितला होता. परत जाऊन आपला धर्म गुपचूप पाळला तर त्रास होणार नाही, असे त्यांना म्हणता येईल काय, हा प्रश्न युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे आला. ५ सप्टेंबर २०१२ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, छळ टाळण्यासाठी माणसाने आपले धर्माचरण सोडून द्यावे अशी अपेक्षा धरता येत नाही. म्हणजे धर्म ही चारचौघांत उजळ माथ्याने पाळण्याची गोष्ट आहे, हे तत्त्व मान्य झाले. मात्र धर्मांतरावर आधारलेल्या अर्जात अधिकारी अर्जदाराला खोदून खोदून विचारतात. धर्म केव्हा बदलला, का बदलला, घरच्यांनी काय म्हटले, आज आचरण कसे आहे, हे सारे ते पाहतात. ज्याने केवळ अर्जासाठी धर्माचे नाव घेतले तो येथे अडखळतो.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे येतो. प्रत्येक देशाची रीत निराळी असते. म्हणून आपले तरुण ज्या देशाकडे अधिक ओढले जातात त्या अमेरिकेचेच उदाहरण घेतो. तेथे १९८० साली निर्वासितांचा कायदा झाला. त्या देशात असलेला किंवा त्याच्या दारात पोहोचलेला माणूसच तेथे आश्रयाचा अर्ज करू शकतो. दिल्लीच्या वकिलातीत बसून हा अर्ज करता येत नाही. सरहद्दीवरून विनापरवाना शिरणाऱ्यांसाठी २०२४ व २०२५ साली नियम फार कडक करण्यात आले. अर्जाच्या नमुन्याला आय-५८९ म्हणतात. तो इंग्रजीत भरावा लागतो, आणि त्या देशात शेवटचे आल्यापासून १ वर्षाच्या आत द्यावा लागतो. परिस्थिती बदलली असेल, उदाहरणार्थ तेथे गेल्यावर माणसाने धर्म बदलला व त्यामुळे नवा धोका उत्पन्न झाला, तर उशीर माफ होऊ शकतो. पण त्यानंतर वाजवी मुदतीत अर्ज केला पाहिजे. जुलै २०२५ च्या कायद्याने अर्जावर किमान १०० डॉलर, आणि अर्ज प्रलंबित राहील त्या प्रत्येक वर्षाला किमान १०० डॉलर असे शुल्क ठरविले आहे. नियम वारंवार बदलतात. म्हणून अर्जाच्या दिवशी कोणता नियम चालू आहे हे जाणत्या वकिलाकडून विचारून घ्यावे. वकील ठेवण्याचा हक्क अर्जदाराला आहे, पण त्याचा खर्च सरकार करीत नाही.

अर्ज दिला म्हणजे काम संपले असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः खरे काम तेथून सुरू होते. निकालाला कधी कधी अनेक वर्षे लागतात, आणि त्या काळात खऱ्या माणसाचा अर्जसुद्धा साध्या हयगयीने बुडतो. म्हणून पुढील गोष्टी ज्याची त्याने काळजीने पाळावयास हव्यात.

पहिली गोष्ट पत्त्याची. बिऱ्हाड बदलले की १० दिवसांच्या आत स्थलांतर खात्याला कळवावे लागते, आणि प्रकरण इमिग्रेशन कोर्टात असेल तर कोर्टाला ५ दिवसांत निराळे कळवावे लागते. एका कचेरीला कळविले म्हणजे दुसरीला आपोआप कळते असे समजू नये. तारखेची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली तर, ती मला मिळाली नाही, ही सबब बहुधा चालत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. बोटांचे ठसे देण्याची, मुलाखतीची, कोर्टाची, कोणतीही तारीख चुकवू नये. कोर्टात गैरहजर राहणाऱ्याविरुद्ध त्याच्या पाठीमागे देशाबाहेर घालविण्याचा हुकूम होऊ शकतो.

तिसरी गोष्ट भाषेची. स्थलांतर खात्याच्या मुलाखतीत ज्याला इंग्रजी नीट येत नाही त्याने स्वतःचा दुभाषी आणावयाचा असतो. दुभाषी १८ वर्षांवरील असावा, दोन्ही भाषांत तरबेज असावा. अर्जदाराचा वकील किंवा साक्षीदार दुभाषी होऊ शकत नाही. कोर्टात मात्र दुभाषी कोर्टच देते. मराठीतील प्रत्येक कागदासोबत त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर व भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

चौथी गोष्ट कामाची. कायद्याप्रमाणे अर्ज दाखल झाल्यावर १८० दिवस उलटल्याखेरीज वर्क परमिट मिळू शकत नाही, आणि अर्जदाराने स्वतः तारीख पुढे ढकलून घेतली तर तो विलंब त्या मुदतीत धरला जात नाही. परवाना नसताना काम करू नये. हे महिने कसे काढावयाचे याचा विचार अर्ज करण्यापूर्वीच झाला पाहिजे. एजंट ही गोष्ट कधी सांगत नाही.

पाचवी गोष्ट प्रवासाची. अगोदर परवानगी घेतल्यावाचून देश सोडला तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. आणि ज्या देशाची भीती सांगितली त्याच देशात लग्नासाठी किंवा सणासाठी जाऊन आलात, तर तुमच्या भीतीवर कोण विश्वास ठेवील?

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची; ती सत्याची होय. अर्जातील, मुलाखतीतील व कोर्टातील जबानी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. २००५ च्या कायद्याप्रमाणे, मूळ छळाशी संबंध नसलेल्या लहानशा विसंगतीवरूनही अर्जदार अविश्वसनीय ठरू शकतो. एखादी तारीख आठवत नसेल तर आठवत नाही असेच सांगावे. ती बनवू नये. आणि जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचे सिद्ध झाले तर त्या माणसास अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याचे लाभ कायमचे बंद होतात. शिकविलेली गोष्ट पाठ करून सांगणारा स्वतः बुडतो. शिवाय त्याच्या मागून खऱ्या जखमा घेऊन जो येतो त्याच्याकडेही अधिकारी संशयाने पाहू लागतो.

एवढी कर्तव्ये सांगितल्यावर हक्कही सांगितले पाहिजेत. पती किंवा पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले त्या देशात असतील तर त्यांची नावे त्याच अर्जात घालता येतात. मुलांच्या शाळेसाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. १९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, आईबापांपाशी कागद नसले, मुलांपाशी नसले, तरी मुलांना सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही. आणि भीती सिद्ध करण्यासाठी छळ होईलच अशी खात्री द्यावी लागत नाही. दहांत एक शक्यता असली तरी भीती साधार ठरू शकते, असे त्याच न्यायालयाने १९८७ साली म्हटले आहे.

आपल्या देशात काय आहे, असेही कोणी विचारील. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, आणि येथे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. तरीही आपल्या संविधानाचे २१ वे कलम "कोणत्याही व्यक्ती"च्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करते. ते केवळ नागरिकापुरते नाही. या एका शब्दाचे मोल चकमा बांधवांच्या प्रकरणात दिसून आले. पूर्व पाकिस्तानातील कप्ताई धरणाने व धार्मिक छळाने उखडलेले हे लोक, बहुतेक बौद्ध, १९६४ पासून भारतात आले व आजच्या अरुणाचल प्रदेशात वसले. पुढे त्यांना हुसकावण्याच्या धमक्या सुरू झाल्या, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले की, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीवाचे रक्षण करण्यास राज्य बांधलेले आहे; त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज वर पाठवावेत, आणि ते विचाराधीन असेतोवर त्यांना घरातून काढू नये. अर्ज पडून असलेला माणूस हा निराधार माणूस नव्हे, हे या निर्णयाने शिकविले. त्यांची प्रतीक्षा तेवढ्याने संपली नाही. १७ सप्टेंबर २०१५ रोजी न्यायालयाला पुन्हा हुकूम करावा लागला.

शेवटी तुम्हांस, घरी राहणाऱ्यांस, तुमचे काम सांगतो. तुमचा मुलगा किंवा मुलगी खरोखर छळामुळे बाहेर गेली असेल तर तिच्यासाठी कागद जपा. पोलिसांत दिलेल्या तक्रारीची नक्कल, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला असल्यास त्याची प्रत, दवाखान्याचा दाखला, जन्माचा व शाळेचा दाखला, धमकीची पत्रे, साक्षीदारांची निवेदने, ज्यावर तारीख आहे असा प्रत्येक कागद जपून ठेवा व नकला पाठवा. तक्रार दिली नसेल तर ती का दिली नाही हे खरे लिहून पाठवा. आणि छळ झालेला नसताना कोणी एजंट तुमच्या अंगणात येऊन छळाची गोष्ट विकू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तुमची जमीन, तुमच्या लेकराची उमेदीची वर्षे आणि खऱ्या पीडितांची विश्वासार्हता, ही तिन्ही त्या एका नकाराने वाचतील.