वरचं दूध सुरू केलं आणि बाळाची शी बदलली

इअरफोन नीट लावा, आणि जेवत असाल तर हा भाग नंतर ऐका. कारण आज आपण शीबद्दल बोलणार आहोत. बाळाच्या शीबद्दल.

हसू नका. ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांना माहितीये, की दिवसातून चार वेळा घरातली मोठी माणसं दुपट्याभोवती जमून त्यावर चर्चा करतात. रंग कसा, पातळ की घट्ट, कालची होती का, परवाची कधी झाली. आमच्याकडे तर नवऱ्याच्या मोबाइलमध्ये लेकीच्या फोटोंपेक्षा तिच्या शीचे फोटो जास्त होते. डॉक्टरांना दाखवायला म्हणून.

तर विषय असा. बाळ अंगावरच्या दुधावरून वरच्या दुधावर, म्हणजे डब्यातल्या फॉर्म्युल्यावर जातं, तेव्हा त्याच्या पोटात नक्की काय बदलतं? त्यातलं चालेल असं किती, आणि डॉक्टरांकडे पळायचं कधी?

आधी माझी गोष्ट सांगते. मला बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा मिळाली. कायदाच आहे तसा, 2017 पासून. पण शेवटी शेवटी पाय खूप सुजायचे, म्हणून मी त्यातले सहा आठवडे आधीच घेतले. उरले 20. म्हणजे लेक साडेचार महिन्यांची असताना मी कामावर हजर. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपले डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण मधला दीड महिना काय करायचं? ऑफिसात दूध काढायला जागा म्हणजे फायलींची खोली, तीही आतून कडी न लागणारी. पंधरा दिवस रेटलं. मग पान्हा कमी व्हायला लागला आणि आम्ही डबा आणला. तो डबा घरी आला त्या रात्री मी रडले, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवसापासून लेकीची शीच बंद. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी ती लालबुंद होऊन कुंथली, किंचाळली, आणि झालं काय, तर शेळीच्या लेंड्यांसारखे दोन-तीन खडे. सासूबाई म्हणाल्या, "वरचं दूध मानवलं नाही गं तिला." मी लगेच ऑनलाइन दुसऱ्या कंपनीचा डबा मागवला. चार दिवसांनी तिसरा. फरक शून्य.

आता गोष्ट इथे थांबवते. आधी पोटात काय होतं ते बघू, म्हणजे माझी चूक तुमच्या लक्षात येईल.

दुधात दोन प्रकारची प्रथिनं असतात. केसीन आणि व्हे. आपण दुधात लिंबू पिळून पनीर करतो ना? जे गोळा होतं ते मुख्यतः केसीन, आणि जे हिरवट पाणी उरतं त्यात व्हे. बाळाच्या पोटातल्या आम्लामुळे हेच होतं. आईच्या दुधात व्हे जास्त, साधारण 60 टक्के, आणि सुरुवातीच्या दिवसांत त्याहूनही जास्त. गाईच्या दुधात उलटं, 80 टक्के केसीन. त्यामुळे आईचं दूध पोटात मऊ, बारीक कण होऊन झटकन पुढे सरकतं, आणि गाईच्या दुधाचा गोळा घट्ट होतो. फॉर्म्युला बहुतेक वेळा गाईच्या दुधापासूनच बनतो. त्यात व्हे वाढवून प्रमाण आईच्या दुधाजवळ आणतात, तरी तो पोटात जास्त वेळ राहतो. म्हणूनच डब्याच्या दुधावरचं बाळ दोन फीडमध्ये जरा जास्त वेळ काढतं. त्याचं पोट "जास्त भरलं" असा अर्थ नाही. पचायला वेळ लागतोय, एवढंच.

दुसरी गोष्ट, चरबीची. आईच्या दुधात चरबी पचवायला मदत करणारं लायपेज नावाचं एन्झाइम आयतं असतं. फॉर्म्युल्यात ते नसतं. शिवाय काही फॉर्म्युल्यांत पाम तेल असतं. त्यातल्या चरबीचा काही भाग आतड्यात कॅल्शियमला चिकटतो आणि त्याचा अक्षरशः साबणासारखा पदार्थ तयार होतो. शी घट्ट होते ती यामुळेही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटली. आईच्या दुधात काही खास साखरा असतात, 200 पेक्षा जास्त प्रकारच्या. आणि गंमत म्हणजे त्या बाळाला पचतच नाहीत! मग कशाला असतात? बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंसाठी. बायफिडोबॅक्टेरिया म्हणतात त्यांना. आई एकाच वेळी बाळालाही जेवू घालते आणि बाळाच्या पोटातल्या पाहुण्यांनाही. हे जिवाणू आतडं आंबट ठेवतात, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीला आंबूस वास येतो, घाण येत नाही. फॉर्म्युला सुरू झाला की जिवाणूंची वस्ती बदलते, बाकीचेही राहायला येतात. आणि वास बदलतो. चांगलाच बदलतो.

म्हणून हे बदल दिसले तर घाबरू नका. अंगावरच्या दुधाची शी पिवळी, पातळ, मोहरीचे दाणे कालवल्यासारखी असते. वरच्या दुधाची शी जरा घट्ट, लोण्यासारखी, पिवळट तपकिरी किंवा हिरवट. फॉर्म्युल्यात लोह घातलेलं असतं, त्यानेही रंग गडद होतो. खेपा कमी होतात. दिवसातून एकदा किंवा दिवसाआड, चालतं. गॅस थोडा वाढतो. आतड्याला रुळायला साधारण आठवडा-दोन आठवडे द्या.

अजून एक. सहा महिन्यांच्या आतलं बाळ दहा-वीस मिनिटं कुंथतं, लाल होतं, रडतं, आणि मग मऊ शी होते. ही बद्धकोष्ठता नाही! पोटाने जोर लावायचा आणि खालचा स्नायू सैल सोडायचा, हे दोन्ही एकदम करायला ते अजून शिकतंय. बद्धकोष्ठता किती दिवसांनी झाली यावर ठरत नाही, शी कडक आहे का यावर ठरते. आणि माझ्या लेकीची शी कडक होती.

आता डॉक्टरांकडे काय झालं ते ऐका. मी तिन्ही डबे पिशवीत घालून गेले. मनात पक्कं होतं, की त्या कुठला तरी चौथा, महागडा डबा लिहून देतील. त्यांनी डब्यांकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "दूध कसं करता ते करून दाखवा." त्यांच्याकडे गरम पाणी होतं, माझ्याकडे बाटली. मी बाटलीत चार चमचे पावडर टाकली आणि 120 च्या रेघेपर्यंत पाणी ओतलं. त्या म्हणाल्या, "हीच चूक आहे."

आधी पाणी, मग पावडर. 120 मिली पाणी मोजून घ्यायचं आणि त्यात चार चमचे घालायचे. तयार दूध 120 च्या वर जातं, जाऊ दे. मी पावडर आधी टाकत होते, तिने बाटलीतली जागा व्यापली, आणि दर बाटलीला दहा-पंधरा मिली पाणी कमी पडत होतं. त्यात माझा चमचाही शिगोशीग. साखर घेतो तसा. "पोट भरेल, रात्री झोपेल" असंही मनात होतंच. म्हणजे तीन कंपन्यांना नावं ठेवली, सासूबाईंच्या हिंगाला नावं ठेवली, आणि दोष माझ्या हातात होता. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. रिक्षात म्हणाल्या, "मी तुझ्या नवऱ्याला गाईचं दूध पाणी घालून पाजलं होतं. कोणाला सगळं येतं?" पाच दिवसांत लेकीची शी मऊ झाली. पहिल्याच डब्यावर.

तर लिहून घ्या. डब्यातलाच चमचा वापरायचा, सपाट, वरून सुरीच्या पाठीने सारखा केलेला. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला एक चमचा असं असतं, पण तुमच्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. दाट केलं तर बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो आणि शी कडक होते. डबा महाग म्हणून पातळ केलं तर बाळ उपाशी राहतं, आणि रक्तातलं मीठ धोकादायक कमी होऊ शकतं. दोन्ही वाईट.

पावडर निर्जंतुक नसते, हेही मला माहीत नव्हतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा: पाणी उकळा, अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते किमान 70 अंश असताना, त्यात पावडर घाला. मग बाटली नळाखाली धरून कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा आणि मगच पाजा. दोन तासांत संपवा. बाळाने उष्टं ठेवलेलं दूध ओतून द्या, जीव तुटला तरी. बाटली धुण्याचा कंटाळा येत असेल तर वाटी-चमचा किंवा आजीचं बोंडलं घ्या. ते स्वच्छ करायला सोपं.

बदल करायचा तर हळूहळू करा. एका वेळी एकच फीड बदला, तीन-चार दिवस थांबा, मग दुसरं. बाळाच्या पोटालाही वेळ मिळतो आणि तुमची छातीही दाटून येत नाही. आणि सगळं बंद करायची गरज नाही हो! सकाळी एकदा, रात्री दोनदा अंगावर पाजलं तरी त्यातून रोगप्रतिकारक घटक जातातच. मी लेक वर्षाची होईपर्यंत रात्रीचं पाजत होते.

आता काय करू नका. विड्याच्या पानाचा देठ एरंडेल तेलात बुडवून शीच्या जागी घालू नका, इजा होते. मध अजिबात नको, एक वर्षापर्यंत नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. बाळगुटी, ग्राइप वॉटर, वरचं पाणी, सगळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पिशवीतलं गाईचं-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून एक वर्षाच्या आत नको, त्यात लोह कमी आणि प्रथिनं-क्षार जास्त. आणि माझ्यासारखे दर चार दिवसांनी डबे बदलू नका. पोटावरून हलक्या हाताने गोल मालिश, पाय सायकलसारखे हलवणं, दूध पाजून झाल्यावर ढेकर काढणं, हे जरूर करा. हिंग लावायचं आजीचं मन असेल तर भांडू नका, फक्त ते पोटावर बाहेरून, थोडंसं. खरा फायदा आजीच्या हाताचा.

आणि आता हे दोनदा ऐका. शीत रक्त किंवा खूप शेंबडासारखं काही दिसलं, अंगावर पुरळ, सतत उलट्या, वजन वाढत नाही, तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी असू शकते. डॉक्टर ठरवतील, खास दूधही तेच सांगतील. उलटी हिरवी झाली, पोट फुगून टणक झालं, टाळू आत गेली, दिवसभरात लंगोट पाच-सहा वेळाही ओले होत नाहीत, बाळ मलूल पडलंय, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप 38 अंशांवर गेलाय, तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारत बसू नका, निघा. आणि शी पांढरी, खडूसारखी किंवा मातकट फिकी झाली तर त्याच दिवशी दाखवा, ते यकृताचं लक्षण असू शकतं.

शेवटचं. तुमच्या लक्षात आलंय का, फॉर्म्युल्याच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो कधीच नसतो? आपल्याकडे 1992 चा कायदा आहे. या दुधाची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे, आणि आईचं दूध सर्वोत्तम हे डब्यावर छापावंच लागतं. मला तो कायदा पटतो. पण तो कंपन्यांसाठी आहे. ते वाक्य रात्री दोन वाजता, एका हातात रडणारं बाळ आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन वाचणाऱ्या बाईला टोचतं. तिला मला एवढंच सांगायचंय, की दूध येतंय तोवर पाज, मदत माग, दूध काढायला ऑफिसात कडी लागणारी खोली माग. आणि तरीही डबा आणावा लागला, तर तो नीट बनव. आधी पाणी, मग पावडर.

हा भाग एखाद्या नव्या आईला पाठवा. त्याहून चांगलं म्हणजे नव्या बाबाला पाठवा, बाटल्या त्यालाही बनवता येतात. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!