वरच्या अंगाला प्लॉटिंग, खालच्या शेतात पाणी



गेल्या हंगामात शहरालगतच्या एका गावी शिवारफेरीला गेलो होतो. एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, बियाणं बदललं, बीजप्रक्रिया केली, तरी दोन वर्षं तूर उबळतीच. काय करावं?" शेत पाहिले. उबळलेला पट्टा वरच्या बांधालगतच होता. बांधावर चढून पाहिले तर पलीकडे नवे लेआऊट, मुरुमाचा भराव, आणि पूर्वी जिथे ओघळ होती तिथे एकच सिमेंटचा पाइप. रोग झाडाला लागला होता खरा, पण त्याचे कारण बांधापलीकडे होते.

याचा हिशोब साधा आहे. एक हेक्टरवर 50 मि.मी. पाऊस पडला म्हणजे पाच लाख लिटर पाणी झाले. आपली भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते, त्यामुळे पहिला पाऊस पिऊन टाकते. एकदा फुगली की पाणी सावकाश घेते. तरीही पीक, सऱ्या आणि बांध यांमुळे बरेच पाणी शेतातच थांबते. पत्रे, स्लॅब आणि डांबर मात्र जवळजवळ सगळेच सोडून देतात. समजा, 10 हेक्टर रानावर तासाला 60 मि.मी. वेगाने पाऊस पडतो आहे. अपधावेचा गुणांक 0.4 धरला, तर सेकंदाला सुमारे 670 लिटर पाणी वाहील. त्याच रानावर घरे-रस्ते होऊन गुणांक 0.7 झाला की सुमारे 1,170 लिटर. नाला मात्र तेवढाच राहतो, कित्येकदा अरुंदही होतो. सप्टेंबर 2024 आणि सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्याने पाणी पाहिले आहे, त्यामुळे अधिक सांगायला नको.

मग नियम नाहीत का? आहेत. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागांत लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नाल्यासारख्या लहान प्रवाहाच्या पाण्याच्या खुणेपासून 9 मीटर आणि नदीपासून 15 मीटर अंतर सोडावे लागते. नदीकाठी निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. पाऊसपाणी जिरवण्याची रचना 500 चौ.मी. व त्याहून मोठ्या भूखंडावर सक्तीची आहे. इथेच मेख आहे. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे जेमतेम 140 चौ.मी. असे शंभर प्लॉट मिळून नाला भरतात, पण एकेकटा कोणीच या नियमात बसत नाही. लेआऊटच्या मोकळ्या जागेत मात्र ही रचना हवीच. ती कागदावर आहे की जमिनीवर, हे जाऊन पाहावे.

माझे स्पष्ट मत असे की, पाणलोटाचे काम आपण 'माथा ते पायथा' करतो, तर माथ्यावरच्या बांधकामालाही तोच न्याय लागावा. आणि हेही सांगितले पाहिजे, वरची जमीन विकणारे बहुधा आपल्यापैकीच असतात. सौदा करताना ओघळ मोकळी ठेवण्याची अट लिहून घेणे त्यांच्या हाती असते.

शेतजमिनीवरील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडवला आणि त्याने पिकाचे किंवा जमिनीचे नुकसान झाले वा होण्याची शक्यता असली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मुदत सहा महिन्यांची. खळे होईपर्यंत थांबू, दिवाळीनंतर बघू, असे म्हणता म्हणता ती निघून जाते. अडथळा रीतसर परवानगीने उभा असेल तर हे कलम कामी येत नाही. म्हणून विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध होताच, मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवावी. सोबत गाव नकाशाची प्रत जोडावी आणि त्यावर नाला दाखवावा. पावसात वाहत्या पाण्याचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत.

तोवर शेतात काय करावे? वरच्या बांधालगत हलक्या उताराचा चर काढून पाणी नाल्याकडे वळवा. शेजाऱ्याच्या रानात नको, नाहीतर तोच दावा आपल्यावर येईल. चराच्या काठाला मारवेल किंवा खस लावा. सोयाबीन, तूर रुंद वरंबा सरीवर घ्या. कपाशीत पाणी साचून झाडे अचानक मलूल झाली, तर फवारणीआधी पाणी काढा आणि वाफसा येताच कोळपणी करा.

त्या शेतकऱ्याने यंदा चर काढला आहे. पाइपाबाबतचा अर्जही तहसीलमध्ये दिला असून, पोच जपून ठेवली आहे.